मानेचं ऑपरेशन आणि शुगर

बी-३०४: काकांच्या एमआरआयमध्ये मानेच्या सी-५, सी-६ मणक्यांपाशी नस दाबलेली आहे. एचबीए१सी (शुगरची रक्ततपासणी) ९.२. सर्जन म्हणतात आधी शुगर आणा. थांबावं का?

सी-६०१ (भूलतज्ज्ञ): ताई, आधी हातपाय बघा. शर्टाचं बटण लागत नसेल, चालताना तोल जात असेल, लघवी अडत असेल, तर मज्जारज्जूच दाबला जातोय. मग महिने घालवायचे नाहीत, इन्सुलिनवर शुगर आवरून ऑपरेशन करतात. नुसती हातात कळ असेल तर एचबीए१सी निदान ८ च्या खाली आणूनच जा. हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी असतो, चार दिवस भात सोडून हलत नाही.
आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात. नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (आम्लं) वाढून उलट्या आणि धाप लागते. मेटफॉर्मिनच्या जोडगोळीतही ही औषधं असतात, नाव नीट वाचा. मनाने मात्र काही बंद करू नका.

बी-३०४: चीर पुढून असेल तर?

ए-२०३ (फिजिओ): पुढून केलं की काही दिवस घास उतरत नाही. इन्सुलिन नेहमीइतकं आणि पोटात चार चमचे पेज, की शुगर धाडकन खाली. उलट सुजेसाठी स्टेरॉइड दिलं तर वर. म्हणून डोस रोज विचारून घ्यायचा. मागच्या चिरेला जंतुसंसर्ग जास्त होतो, त्यात कॉलरखाली घाम. रोज एकाच उजेडात फोटो काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली, ओल किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. तळपायांचा बधिरपणा मधुमेहाचा असेल तर ऑपरेशनने जाणार नाही, हे काकांना आधीच सांगा.

डी-५०५ (क्लेमचं काम): दादा-ताई, खर्च खरा तिथेच फुगतो. जखम चिघळली की पुन्हा थिएटर, मग कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. डिस्चार्जनंतरचे किती दिवस पॉलिसीत धरलेत ते आजच बघा. मधुमेह फॉर्मवर लिहिलाय ना? पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने.
पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० आणि घेतली ८,००० ची, तर बाकी बिलही त्याच प्रमाणात कापतात; डॉक्टर-थिएटरच्या २ लाखांतले ७५,००० खिशातून जाऊ शकतात. औषधं आणि इम्प्लांटला (मानेत बसवलेल्या वस्तूला) ही कपात लावत नाहीत. इम्प्लांटचा स्टिकर बिलासोबत मागून घ्या.

बी-३०४: बटण कालपासून लागत नाहीये म्हणतात.

सी-६०१: मग आजच सर्जनना फोन करा.