मदत हवी आहे : आईचे गुडघे आत्ताच बदलावेत की थांबावं? (खानापूर-बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. आई ६६ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज), उजवा जास्त. सगळा जन्म भातलावणीत गेला, आता पाय बाहेरच्या बाजूला बाकलेत. रात्री कूस बदलली की कळ येऊन जागी होते. बायकांना बस फुकट झाली तेव्हा केवढी खूश होती, पण आता बसची पहिली पायरीच चढवत नाही. बेळगावला मावशीकडे जाणंही बंद झालंय.

बेळगावातल्या डॉक्टरांनी उभ्याने काढलेला एक्स-रे पाहिला आणि ग्रेड ४ म्हणजे झिजेची शेवटची पायरी आहे, हाडाला हाड घासतंय, दोन्ही गुडघे एकदमच बदलून टाका म्हणाले. तिला रोजचं काय जमत नाही, हे विचारलंच नाही. ते मला खटकलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा म्हणाले. तिला उठता आलं नाही. तरी ते म्हणाले, नुसत्या एक्स-रेवर ऑपरेशन ठरवायचं नसतं. फोटो वाईट असूनही शेतात हिंडणारी माणसं असतात. दुखण्याने झोप मोडते का, रोजची कामं अडतात का, आणि व्यायाम, वजन, गोळ्या हे सगळं मनापासून करूनही फरक पडला नाही का, हे बघायचं. आईच्या बाबतीत पहिल्या दोन्हींचं उत्तर होय, पण मांडीच्या स्नायूंचा व्यायाम तिने कधी नीट केलेलाच नाही. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.६ आलीय. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नको म्हणाले, जखमेत जंतुसंसर्गाची भीती. गेल्या महिन्यात गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय, त्यानंतरही किमान तीन महिने जाऊ द्यायचे.

मला हे पटतं. पण फार लांबवलं तर स्नायू दुबळे होतात, गुडघा आखडतो आणि मग नवीन सांधाही हवा तसा वाकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग थांबायचं तर कुठवर? काका म्हणतात सांधा दहाच वर्षं टिकतो, सत्तरी होऊ दे. डॉक्टरांच्या मते बहुतेक सांधे वीस वर्षांहून जास्त चालतात. आईचा प्रश्न वेगळाच आहे : "देवापुढं खाली बसता येणार नसेल तर काय उपयोग त्याचा?" मांडी घालून बसू नका असंच बहुतेक डॉक्टर सांगतात, ते तिला अजून पचलेलं नाही.

खर्चाचंही बघायचंय. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. पण आम्हाला एकच मोठा आकडा सांगितला, त्यात सांधा किती आणि बाकी किती ते लिहून दिलेलं नाही. तुम्ही असा तपशील मागून घेतला होता का?

महाराष्ट्र ज्या ८६५ सीमाभागातल्या गावांवर हक्क सांगतो, त्यांत आमचं गाव आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागाला लागू केली, तिच्यातून कोल्हापुरात कुणाचा गुडघा बदलून झालाय का? की कर्नाटकच्या आयुष्मान कार्डावर सोपं पडतं?

ज्यांच्या घरी ऑपरेशन झालंय त्यांनी जरूर सांगा : दोन्ही एकदम केलेत की आधी एक? खेड्यात घरी येऊन व्यायाम करून घेणारं कुणी मिळालं का? आणि आमचा संडास बसायचा आहे, तो आधीच बदलून घेऊ की खुर्ची ठेवून भागेल?