५ मे: यादीत आमच्या भादलीचंही नाव असू द्या

५ मेच्या दिनविशेषांच्या यादीत नेपोलियनचा मृत्यू (१८२१) आणि कार्ल मार्क्सचा जन्म (१८१८) कुणीतरी टाकलेत, ते बरोबरच. पण खान्देशात या तारखेला आधी आठवतात ते बालकवी. ५ मे १९१८, रविवार. जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले. वय अवघं सत्तावीस. म्हणजे तिकडे मार्क्सला बरोबर शंभर वर्षं झाली त्याच दिवशी! योगायोगच, त्यातून अर्थबिर्थ काढायला जाऊ नका.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. 'बालकवी' हे नावही खान्देशानेच दिलं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी ती पदवी दिली. जन्म, पदवी आणि मृत्यू, तिन्ही आजच्या एकाच जळगाव जिल्ह्यात. निसर्गकवी म्हटलं की लोकांना कोकणच दिसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि १८१८ निघालंच आहे तर, मार्क्स जन्मला तेव्हा इकडे खान्देशात इंग्रजांचा अंमल नुकता बसत होता. जानेवारीत मंदसोरच्या तहात होळकरांनी इथला मुलूख सोडला. फेब्रुवारीत थाळनेर पडलं, तिथल्या किल्लेदाराला, तुळशीराम मामांना, इंग्रज सेनापती हिस्लॉपने फासावर दिलं. मालेगावचा किल्ला मात्र जूनपर्यंत झुंजला. थाळनेरची तारीख २७ फेब्रुवारी. हो, मराठी भाषा गौरव दिनाचीच. त्या दिवशीच्या यादीत कुणी तेही घाला राव.