ओला-सुका वेगळा झाला, तरी मिक्सची चुंगडी भरतेच – मदत हवी आहे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका लहान गावातून लिहिते आहे. दिवाळीपासून आमच्याकडे घंटागाडी फिरते आणि गाडीवरचं काम आमच्या बचतगटाकडे आहे. हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका, मिसळलेला घ्यायचा नाही, असा ठराव झाला.

वाटलं होतं, लोक ऐकणार नाहीत. पण बायांनी पहिल्याच महिन्यात मनावर घेतलं. अडचण दुसरीच निघाली. हिरवा डबा जवळजवळ रिकामाच येतो. देठं, सालटं, शिळी पोळी ढोरांपुढे जाते, राख अन् शेण उकिरड्यावर. शहरात ओल्याचाच भार जास्त, म्हणून तिथे तो डबा कामाचा. आमच्याकडे ज्या कचऱ्याला डबा पाहिजे होता, त्यालाच तो मिळाला नाही.

मागच्या रविवारी मिक्सच्या, म्हणजे दोन्ही डब्यांत न बसणाऱ्या कचऱ्याच्या, चार चुंगड्या (पोती) आम्ही ताडपत्रीवर ओतल्या. हातमोजे दोघींकडेच होते. वर खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या, चुन्या-सुपारीनं एकमेकींना डकलेल्या. चिप्सची पाकिटं, नायलॉनच्या फाटक्या साड्या. तळाशी कपाशीच्या फवारणीच्या बाटल्या. एकीचं झाकण सैल होतं, त्यातलं उरलंसुरलं औषध सांडून विकण्यासारखा सगळा पुठ्ठा भिजला होता. आणि कागदात गुंडाळलेले पॅड. ते माझ्या जावेच्या हाती आले, तिला मोजे नव्हते. वासानं मळमळून ती घरी जाऊन पडली.

लोकांनी हे मुद्दाम केलं नाही. सुक्यात बाटली दिसली की आम्हीच डबा परत करत होतो. मग घरची बाई ती ठेवणार कुठे? अंगणात लेकरं खेळतात. शेवटी बाटली मिक्समध्ये जाते, नाहीतर पऱ्हाट्यांसोबत चुलीत. आम्ही जितकं कडक झालो, तितकी ही चुंगडी फुगत गेली. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळे त्या बाटलीची मला फार धास्ती आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते, आणि औषधाचे डबे तिसऱ्यात होते. आमच्यापर्यंत दोनच डबे आले. कोणाच्या गावात तिसरा डबा चालू आहे का? त्यातल्या मालाचं पुढे काय करता? आणि खर्ऱ्याच्या पन्नीचं काय? भंगारवाला तिला हात लावत नाही.

आर्वीकर: ताई, बाटली घरी येऊच देऊ नका. शेतातच तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपात ओतायचं, औषधही वाया जात नाही. मग तळाला भोक पाडायचं, म्हणजे कोणी त्यात तेल भरणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा असंच आहे. फक्त विहीर आणि नाला सोडून. आमच्याकडे हे बायांना नाही, फवारणाऱ्या गड्यांना सांगितलं, तेव्हा जमलं.

वणीची सून: चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा थर एकजीव असतो, म्हणून भंगारात जात नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला प्लास्टिक केंद्र असतं, तुमच्या पंचायत समितीत विचारा. असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून चालतो, पण कोरडा लागतो. ओल्या पन्न्या उन्हात वाळवूनच पोत्यात भरा. आणि ताई, मोजे आल्याशिवाय चुंगडी उघडू नका. त्यांचा खर्च ग्रामपंचायतीकडे मागा, तो तुमचा हक्क आहे.

धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार. गड्यांना सांगायचं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या बैठका बायांच्याच घेत होतो. येत्या ग्रामसभेत तिसरा डबा आणि मोजे, दोन्ही मांडते.

पॅडचं मात्र अजून अडलंय. २०१६ च्या नियमांत ते नीट गुंडाळून सुक्यातच टाकायला सांगितलं होतं, पण इथे सुका हातानं निवडतात. वेगळा डबा दारात ठेवायला आमच्या सुना-लेकी लाजतात, सासरे ओसरीवर बसलेले असतात. ताईंनो, तुमच्या गावात तो डबा कुठे ठेवला?