मदत हवी आहे: किट लेन्स उलटी लावू की ॲपर्चर रिंगवाली जुनी लेन्स शोधू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरं अंडी घालून जातात, बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं. त्याचे आणि त्यातून निघणाऱ्या अळीचे फोटो काढायचेत. पुढे पाऊस पडला की वेताळ टेकडीवर मृगाचे किडे दिसतील, तेही यादीत आहेत.

कॅमेरा निकॉन डी३२००, सोबत आलेली १८-५५ व्हीआर लेन्स. बजेट ताणून ताणून दीड हजार. घरी मॅक्रो लेन्सचा (अगदी जवळून मोठे फोटो काढणारी) विषय काढायची सोय नाही, आधीच्या ट्रायपॉडचा हिशोब अजून मागितला जातो.

लेन्स काढून उलटी धरली आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी टेकवली, तर मोठं दिसतं हे खरं. पण व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ अंधार. कारण कळलंय: ही जी प्रकारची लेन्स, तिला ॲपर्चर रिंग (उजेडाचं भोक हाताने लहानमोठं करायची कडी) नाही, आणि बॉडीवरून काढली की भोकाचा पडदा पार बारीक होऊन बसतो. मागची छोटी दांडी बोटाने सरकवली की उघडतो, सोडली की पुन्हा मिटतो. दांडीला टूथपिकचा तुकडा अडकवून ठेवतात असं वाचलंय, धीर होत नाही.

तर प्रश्न असा की ५२ मिमीची रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची कडी) घेऊन याच लेन्सवर भागवावं, की निकॉनची जुनी, ॲपर्चर रिंगवाली ५० मिमी एफ/१.८ डी कुठे स्वस्तात मिळते का बघावं? आणि उजेडाचं काय करायचं? बाल्कनी पूर्वेची आहे, दहानंतर ऊन नसतं.

प्रतिसाद:

रिंग घ्याच, दोन-तीनशेत येते आणि पुढे कुठलीही लेन्स आणली तरी कामाला येते. मात्र ५० डीच्या मागे लागू नका. लेन्स उलटी लावल्यावर तिचा माउंट (एरवी कॅमेऱ्यात अडकणारी मागची बाजू) हवेत असतो, कॅमेऱ्याला जोडला जातो तो पुढच्या कडेचा फिल्टरचा पेच. त्यामुळे पेंटॅक्स, याशिका, मिनोल्टा, रशियन हेलिओस, काहीही चालतं, फक्त ॲपर्चर रिंग हवी. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे बंद पडलेल्या फिल्म कॅमेऱ्यांवर अशा लेन्स अडकलेल्या असतात. कॅमेरा मेलेला असला तर उलट बरं, भाव पाडता येतो. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बुरशीचे धागे बघा, पुण्यातल्या चार पावसाळ्यांत ट्रंकेत पडलेल्या लेन्सला ती हमखास लागते. रिंग फिरवून पाती हलतात का तेही बघा. फिल्टरचा पेच ४९ मिमीचा निघाला तर ४९-५२ स्टेप-अप रिंग (दोन मापं जुळवणारी कडी) मिळते.

धागाकर्ती:

हे डोक्यातच आलं नव्हतं! मग ५०च का, २८ मिळाली तर?

प्रतिसाद:

२८ मिळाली तर तुमच्या अंड्यासाठी तीच. उलट्या लेन्सचं गणित उफराटं असतं, फोकल लेंग्थ जितकी कमी तितकं मोठं दिसतं. ५० मिमी साधारण १:१ देते (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी), २८ त्याच्या दुप्पट. डी३२००चा सेन्सर २३.२ मिमी रुंद आणि त्यावर ६०१६ पिक्सेल. म्हणजे १:१ला १ मिमीचं अंडं फोटोत साधारण २६० पिक्सेलचं येईल, २:१ला ५२०चं. अंड्यावरची नक्षी बघायची असेल तर हा फरक मोठा आहे. मृगाच्या किड्याला मात्र ५० पुरते.

१८-५५ उलटी करून १८वर नेली तर याहूनही मोठं दिसतं, पण तिथे हात थरथरला की अंडं चौकटीबाहेर. सुरुवात ५५वर करा.

टूथपिकला घाबरू नका, पण कागदाची घडी जास्त सुरक्षित. पडदा पार बारीक ठेवून काम करू नका. एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक; एफ/२२ला १:१वर लेन्स प्रत्यक्षात एफ/४४सारखी वागते, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) सगळं मऊ पडतं. एफ/८च्या आसपास ठेवा.

आणि हो, मोड एम (मॅन्युअल). बाकी मोडमध्ये हा कॅमेरा उलट्या लेन्सने क्लिकच करत नाही, आणि उजेड मोजणारा मीटर तर एममध्येही चालत नाही. एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, बदला.

प्रतिसाद:

ताई, लेन्सपेक्षा उजेडाकडे लक्ष द्या. उलटी लेन्स विषयापासून साडेचार-पाच सेंटिमीटरवर येते, तिची स्वतःचीच सावली पानावर पडते. पॉपअप फ्लॅश मेनूतून मॅन्युअलवर टाका, १/४ ताकदीपासून सुरू करा, शटर १/२०० सेकंद. पुढे दह्याच्या पांढऱ्या डब्याचं बूड कापून, लेन्सपुरतं भोक पाडून बसवा. बटरपेपरची झालर लावली की अजून मऊ उजेड मिळतो. फ्लॅशचा झपका क्षणभराचा असल्यामुळे हात हलल्याचंही फारसं दिसत नाही.

फोकस रिंगला हात लावू नका, अख्खा कॅमेरा पुढेमागे करायचा. १:१, एफ/८ला फोकसमध्ये येणारी जाडी मिलिमीटरभरही नसते. कुंडीच्या बाजूला तांदळाची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा आणि फांदी कपड्यांच्या चिमट्याने काठीला बांधा. ट्रायपॉडचा हिशोबही त्यात चुकता होईल.

धागाकर्ती:

चिमटा आणि तांदूळ घरात आहेत, दह्याचा डबा आज रिकामा होईल. रिंग मागवते. रविवारी जुन्या बाजारात जाणार, एक शेवटची शंका: लेन्सचं मागचं भिंग उघडं राहणार, त्याला काही झाकण?

प्रतिसाद:

निकॉन माउंटच्या लेन्ससाठी बीआर-३ नावाची रिंग असते, ती मागच्या बाजूला बसते आणि ५२चा फिल्टर लावता येतो. दुसऱ्या माउंटची लेन्स निघाली तर त्याच माउंटचं मागचं टोपण घ्या आणि मधोमध गोल कापा. लेन्ससोबत टोपण मिळालं तर फेकू नका.