घटनास्थळ स्टेडियम: 'टाटोर्ट'चे फुटबॉलवाले भाग बघताना नेमकं काय बघता?

'टाटोर्ट' या शब्दाचा अर्थच घटनास्थळ. २९ नोव्हेंबर १९७० ला सुरू झालेली ही जर्मन मालिका अजून रविवारी रात्री आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला लागते. भाग दीड तासाचा, म्हणजे मध्यंतर सोडून फुटबॉलच्या सामन्याएवढा. प्रत्येक प्रादेशिक वाहिनी आपापल्या शहराचा तपास रंगवते. फुटबॉलवरचे दोन भाग २०११ सालचे: मार्चमध्ये हॅनोव्हरचा 'मोर्ड इन डेर एर्स्टन लिगा' (पहिल्या लीगमधला खून) आणि जूनमध्ये, महिला विश्वचषकाच्या तोंडावर, लुडविग्सहाफेनचा 'इम आबझाइट्स'. असे भाग बघताना कुठे थांबून बघता, कुठे पटकथा घसरते, ते लिहा. खुनी कोण ते मात्र लिहू नका.

फिरतं_दार

स्टेडियममधला खून म्हटला की पहिला प्रश्न असतो, कोण आत होतं? फिरत्या दाराशी तिकिटावरचा बारकोड वाचला जातो, तेव्हा आत शिरल्याची वेळ मिनिटासकट मिळते. बाहेर पडल्याची नोंद मात्र कुठेच नसते. सामना संपायच्या आधीच दारं सताड उघडतात आणि माणसं लोंढ्यानं बाहेर पडतात. त्यामुळे 'मी शेवटपर्यंत स्टँडात होतो' हे तिकिटावरून ना सिद्ध होतं, ना खोटं पडतं. बऱ्याच क्लबांच्या तिकिटावर ट्राम-लोकलचा प्रवासही फुकट असतो, म्हणजे प्रवासाचं वेगळं तिकीटही मागे राहत नाही. चांगला लेखक संशयिताला याच फटीतून पळवतो. वाईट लेखक एका क्लिकवर 'बाहेर पडले १७.४२' असं पडद्यावर दाखवतो.

मोबाइलचंही तेच. एखाद्या टॉवरवरचे सगळे नंबर मागवायला जर्मनीत न्यायाधीशाचा आदेश लागतो. तो मिळाला तरी डॉर्टमुंडसारख्या ८१ हजारांच्या मैदानात हाती येते ती हजारो नंबरांची यादी. सामना संपून चार तास झाल्यावरची यादी मागवली तर ती कामाची. तेव्हा आत सफाईवाले, रखवालदार, मैदान राखणारा आणि एखादा खुनी एवढेच उरलेले असतात.

उत्तरीय_तपासणी

मला हिरवळीवरचा मृतदेह बघायला आवडतो, कारण तिथेच बहुतेक जण चुकतात. मृत्यूची वेळ काढायला जर्मन न्यायवैद्यकात हेन्सगेचा आलेख वापरतात. त्याला तीन गोष्टी लागतात: गुदाशयातलं तापमान, आजूबाजूच्या हवेचं तापमान आणि देहाचं वजन. मग अंगावर कपडे किती, ओले की कोरडे, वारा होता का, याप्रमाणे गुणक लावायचा. उघड्यावर रात्रभर भिजलेला देह घरातल्या कोरड्या देहापेक्षा झपाट्यानं थंड होतो. गुणक न लावता आकडा काढलात तर वेळ खूप मागे सरकते, आणि खरा खुनी 'तेव्हा मी गावातच नव्हतो' म्हणून सुटतो.

त्यात बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या अव्वल लीगच्या, मैदानांत गवताखाली उष्णतेच्या नळ्या असतात, हिवाळ्यात जमीन गोठू नये म्हणून. वरून थंडी, खालून ऊब. अशा ठिकाणी हा आलेख वापरायचाच नसतो. इथे 'मृत्यू रात्री अकरा ते साडेअकरा' असं ठामपणे सांगणारा डॉक्टर दिसला की मी चहा ठेवायला उठते.

रक्त खालच्या बाजूला साचून अंगावर पडणारे डाग पाहा. मृत्यूनंतर साधारण अर्ध्या तासात दिसायला लागतात. पहिल्या काही तासांत देह उलटवला तर ते जागा बदलतात, पुढे घट्ट होतात. देह पालथा आणि डाग पाठीवर असतील तर त्याला नंतर कुणीतरी हलवलंय. ताठरपणा जबड्यापासून, दोन ते चार तासांत सुरू होतो. पण थंडीत सगळंच लांबतं.

आणखी एक. जर्मन कायद्यानं न्यायालयीन शवविच्छेदनाला दोन डॉक्टर लागतात, आणि शेवटच्या आजारात ज्यानं उपचार केले तो त्यातला असू शकत नाही. डोकं, छाती, पोट तिन्ही उघडावंच लागतं. तेव्हा संघाचा डॉक्टर शवागारात 'जरा मीच बघतो' म्हणत घुसला तर ते नाट्य झालं.

मैदानराखा

वरच्या गवताच्या मुद्द्यात भर. देह सापडतो तो प्लाट्झवार्टला, म्हणजे मैदान राखणाऱ्याला, कारण पहाटे तोच पहिला येतो. पण हिरवळीवर पाण्याचे फवारे ठरल्या वेळी आपोआप सुरू होत असतील तर ठसे, रक्त, धागे सगळं धुतलं जातं. पहिलं काम फवारे बंद करणं आणि कापणीयंत्र बाहेर काढून ठेवणं. पथकातले पांढऱ्या झग्यातले लोक (त्यांना 'श्पूझी' म्हणतात) आधी हे करताना दिसले तर लेखकानं मैदानावर पाय ठेवलाय असं समजावं. बुटाच्या खिळ्यांच्या ठशावरून माणूस गाठणंही सोपं नाही. एकेका खेळाडूचे बरेच जोड असतात आणि ते साहित्य सांभाळणाऱ्या 'त्सॉइगवार्ट'च्या खोलीत असतात. ती किल्ली कुणाकडे, हा खरा प्रश्न.

कुर्व्हेतला

पोलिसांकडे चाहत्यांचे तीन वर्ग असतात. अ म्हणजे शांत, ब म्हणजे प्रसंगी हाणामारीला तयार, क म्हणजे हाणामारी शोधणारे. ही माहिती गोळा करणारं केंद्र ड्युसबुर्गला आहे, आणि प्रत्येक क्लबच्या टोळक्यांना तोंडओळखीनं जाणणारे साध्या वेषातले पोलीसही असतात. कमिशनरनं (म्हणजे तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं) त्यांना फोन न करता सरळ दाढीवाल्याची कॉलर धरली, तर तो भाग माझ्या लेखी तिथेच संपला. अल्ट्रा (क्लबचे कट्टर, संघटित चाहते) म्हणजे गुंड, हे समीकरणही आळशीपणाचं आहे. ढोल, झेंडे, आठवडाभर रंगवलेलं भलंमोठं कापड, हे सगळं त्यांचंच काम असतं. पोलिसांशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम तपासाला नडतो, आणि ते नडणं हॅनोव्हरच्या भागापेक्षा जास्त खोलात दाखवता आलं असतं. तरी समलैंगिक खेळाडूची कोंडी त्या भागानं २०११ मध्ये पडद्यावर आणली याचं श्रेय द्यायला हवं. जर्मनीचा खेळाडू हिट्झ्लस्पेर्गर आपल्या समलैंगिकतेबद्दल जाहीरपणे बोलला तो जानेवारी २०१४ मध्ये, आणि तेही निवृत्तीनंतर.

व्याकरणवाली_पुणे

जर्मन शिकणाऱ्यांसाठी. पोलीस संशयिताला 'झी' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो. क्लबात मात्र प्रशिक्षकापासून साहित्यवाल्यापर्यंत सगळे 'डू', अरे-तुरे. मधेच अध्यक्ष प्रशिक्षकाला 'झी' म्हणाला तर समजा, बिनसलंय. हे मराठी कानाला लगेच कळतं, मुद्दाम शिकवावं लागत नाही. 'काटाकोंबन' ऐकून भुयारी थडगी डोळ्यांपुढे आणू नका, स्टँडखालच्या बोळांना आणि कपडे बदलायच्या भागाला तसं म्हणतात. 'आबझाइट्स' म्हणजे ऑफसाइड, पण कोपऱ्यात पडलेला, बाजूला सारलेला माणूसही.

'त्सॉइगे' म्हणजे साक्षीदार आणि 'बेशुल्डिग्टर' म्हणजे आरोप रोखलेला, यातला फरक कान देऊन ऐका. दुसरा शब्द आला की गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावाच लागतो. नवराबायकोच काय, वाग्दत्त जोडीदारही एकमेकांविरुद्ध साक्ष नाकारू शकतात. म्हणून कुणी अचानक 'आमचं लग्न ठरलंय' म्हणालं की कमिशनरचा चेहरा पाहा.

उशिरा_आलेला

बघायचं कसं ते कुणी लिहिलं नाही. मालिका दाखवणाऱ्या एआरडी वाहिनीच्या मेडियाथेकवर (हवं तेव्हा बघायच्या ऑनलाइन संग्रहावर) बरेच भाग सापडतात, पण काही फक्त जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्येच चालतात. बारा वर्षांवरचा शिक्का असलेला भाग वयाची खात्री करून दिली नसेल तर तिथल्या रात्री आठनंतरच उघडतो. म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. जर्मन उपशीर्षकं आधी सुरू करून घ्या, नाहीतर म्युनिकचे साक्षीदार काय पुटपुटतात ते कुणालाच कळत नाही.