काचेवरचा डबा, डॅशबोर्डातला नकाशा की फोन? तुमचे अनुभव सांगा

मुलुंडकर
पुढच्या महिन्यात गाडी घेतोय. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये ऐंशी-नव्वद हजारांचा फरक आहे, आणि शोरूमवाल्याच्या मते वरच्या व्हेरियंटची खरी शान म्हणजे आत बसवलेलं नेव्हिगेशन. बाबांचं म्हणणं, "माझा जीपीएसचा डबा आहे ना कपाटात, तो लाव." बायको म्हणते फोन असताना हे दोन्ही कशाला. तिघंही ठाम आहेत, गाडी मात्र मला चालवायची आहे. रोज मुलुंड ते नरिमन पॉइंट, वर्षातून दोनदा कोकण. ज्यांनी वापरलंय त्यांनीच लिहा, ब्रोशर माझं वाचून झालंय.

पार्कातले काका
डबा मी २००८ साली घेतला. सोसायटीतली पोरं तो बघायला खाली यायची. ३० जून २००९ ला समुद्रावरचा वांद्रे-वरळी सी लिंक सुरू झाला आणि पुढच्याच रविवारी आम्ही दोघं निघालो. नकाशा आदल्या वर्षीचा! पडद्यावर आमची गाडी माहीमच्या उपसागरात, चहूकडे निळं पाणी, आणि आतली बाई जीव तोडून सांगतेय की शक्य तिथे यू-टर्न घ्या. सौ. म्हणाली, "तिला सांगा, आम्हाला पोहता येतं."
पण त्याला वाईट म्हणवत नाही. नेटवर्कची गरज नाही, सगळा महाराष्ट्र पोटात. त्रास दोनच. चार-सहा महिने कपाटात पडून राहिला की बाहेर काढल्यावर लवकर जागा होत नाही. कोणता उपग्रह कुठे आहे ती आठवण शिळी झालेली असते, आणि उपग्रहांकडून सगळी यादी नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात आणतो. दुसरं म्हणजे एप्रिल २०१९ मध्ये जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ पूर्ण होऊन परत शून्यावर आली, तेव्हापासून माझा डबा वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतो. रस्ता बरोबर सांगतो, पोचायची वेळ मात्र काहीच्या बाही. तुमच्या बाबांच्या डब्याची तारीख आधी बघा.

टूरिस्टवाला, कांदिवली
आपल्याला रोज बारा तास गाडीत काढायचे. मालकाच्या दुसऱ्या गाडीत इनबिल्ट आहे, ती चालवणारा पोरगापण फोनच लावतो. कारण सरळ आहे. पावसात अंधेरी सबवे भरला की फोनला दहा-पंधरा मिनिटांत कळतं, गाडीतल्या नकाशाला दिवाळीपर्यंत कळत नाही. (फोनलापण उशिराच कळतं कधी कधी. समोरून रिक्षावाले उलटे यायला लागले की आपण समजून जायचं.)
फोन स्टँडवर लावा, हातात धरू नका. रस्ता बघायला फोन वापरायची सूट २०२० पासून नियमात आहे, पण लक्ष रस्त्यावरच पाहिजे. काचेला रबरी वाटीवाला स्टँड घेऊ नका, मे महिन्यात धपकन पडतो. एसीच्या जाळीवाला घ्या, फोनपण थंड राहतो.

घाटकोपरची
माझी सेकंडहँड हॅचबॅक, इनबिल्टवाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला. माझा नकाशा पुढचं सव्वा वर्ष मला त्याच पुलावर नेत होता. अपडेट मागितलं तर सर्व्हिस सेंटरने एसडी कार्डाचा जो आकडा सांगितला, त्यात दोन टायर आले असते. कोस्टल रोडवर माझीही गाडी काकांसारखी समुद्रात असते, त्यामुळे तिथे मी पडदाच बंद करते.
एक कौतुक मात्र करायलाच हवं. ईस्टर्न फ्रीवेच्या बोगद्यात शिरलं की फोनवरचा बाण दारातच अडकतो, माझ्या गाडीचा बाण चालत राहतो. का, ते मला माहीत नाही.

वायरिंगवाला, ठाणे
@घाटकोपरची, मी सांगतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. जागा ठरवायला निदान चार दिसायला हवेत, बोगद्यात एकही दिसत नाही. तुमच्या गाडीत चाकांचे स्पीड सेन्सर आहेत, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला लागतात तेच, आणि वळण ओळखणारा जायरो. चाक किती फिरलं, गाडी कुठे वळली, यावरून ती पुढची जागा अंदाजाने काढते. फोनमध्ये जायरो असतो, पण चाकाची वायर नसते ना.
कोस्टल रोडचा बोगदा दोन किलोमीटरचा आहे, तिथे हे कामाचं. फ्रीवे आणि खालचा पी. डिमेलो रोड एकावर एक, तिथे मात्र सगळ्यांची पंचाईत, कारण नकाशावर दोन्ही एकच रेघ. फ्लायओव्हर धरा असं फोन हल्ली आधी सांगतो, पण तुम्ही खरंच चढलात का, हे त्याला खात्रीने कळत नाही.
मुलुंडकर, शोरूमवाल्याला दोनच प्रश्न विचारा. नकाशा कोणत्या सालचा, आणि अपडेट किती वर्षं फुकट. तो चाचरला तर पैसे वाचवा. आणि अँड्रॉइड ऑटो, कारप्ले, म्हणजे फोनचाच नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवायची सोय, खालच्या व्हेरियंटमध्येही असतं का बघा, बहुतेक असतं.

डोंबिवलीकर, सासर चिपळूण
कोकणासाठी लिहिते. घाटात रेंज जाते, म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर रायगड-रत्नागिरीचा नकाशा उतरवून ठेवायचा. हे न करता गेलो होतो. मे महिना, डॅशबोर्डवर ऊन, फोन तापून बंद, मुलं मागे रडतायत. शेवटी महाडला एका टपरीवर विचारलं. टपरीवाल्याने रस्ता सांगितला आणि म्हणाला, "सगळे इथेच येऊन विचारतात."

मुलुंडकर
सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्यावर शोरूमवाला म्हणाला, "लेटेस्ट आहे सर." साल विचारलं तर मॅनेजरला बोलवायला गेला, तो आमचा चहा संपेपर्यंत आला नाही. खालचं व्हेरियंट बुक केलं, अँड्रॉइड ऑटो त्यातही आहे. बोगद्यात बाण अडकला तर अडकला, बोगद्यातून बाहेर पडायची वाट एकच असते.
बाबांनी डबा कपाटातून काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलाय. वीस मिनिटं झाली, अजून उपग्रह शोधतोय. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेत.