कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात अंतर्गळाची (हर्नियाची) शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे : ओपीडीचा वार, शिकाऊ डॉक्टर आणि खर्च

भोगावतीकाठ :
नमस्कार. आम्ही राधानगरी तालुक्यात राहतो. माझे वडील (आबा) ६४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या जांघेत फुगवटा येतो. आडवे झाल्यावर तो आत जातो आणि उसाच्या मोळ्या उचलल्या की पुन्हा उतरतो. गावाजवळच्या डॉक्टरांनी हा अंतर्गळ असल्याचे सांगून जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. एका खासगी दवाखान्यात सांगितलेला खर्च यंदाच्या उसाच्या बिलातून भागणारा नाही, म्हणून थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, जाण्याचा विचार आहे. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड आहे.

माझे प्रश्न असे : कोणत्या वारी जावे? सरकारी उपचार २०२३ पासून मोफत झाले असे ऐकले, ते येथे लागू आहे का? आणि मुख्य म्हणजे, तेथे शस्त्रक्रिया शिकाऊ मुले करतात का? शेजारच्या काकांनी ‘पाच जण येतात आणि पाचही जण तेच विचारतात’ असे सांगितल्यापासून आबांनी नकाराचा सूर धरला आहे.

गंगावेस :
पत्त्याचा घोळ आधी टाळा. वैद्यकीय महाविद्यालय शेंडा पार्कात आहे आणि त्या पाटीवर विसंबून काही जण थेट तिकडे जातात. आपल्याला दसरा चौकाजवळ, भाऊसिंगजी रस्त्यावर, टाउन हॉलच्या परिसरात जायचे आहे. रंकाळा स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला ‘सीपीआर’ एवढे सांगितले तरी पुरते. ‘छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय’ हे पूर्ण नाव कोल्हापुरात फक्त कागदावर चालते. जुनी दगडी इमारत दिसली की पोहोचलात. संस्थानकाळात हे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते आणि त्याचा आराखडा नवीन राजवाड्याचे रचनाकार मेजर चार्ल्स मँट यांचाच. रांगेत उभे असताना वर पाहायला तेवढे एक निमित्त आहे.

माजी_निवासी :
मी दुसऱ्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियाशास्त्राचा निवासी डॉक्टर होतो. ही सर्व रुग्णालये सारख्याच पद्धतीने चालतात, म्हणून आपल्या आबांच्या शंकेचे उत्तर देतो.

‘शिकाऊ’ या एका शब्दात तीन निरनिराळी माणसे मोडतात. एमबीबीएसचे विद्यार्थी रुग्णाची माहिती विचारतात आणि तपासणी शिकतात; त्यांच्या हाती सुरी नसते. इंटर्न हे पदवीची परीक्षा उत्तीर्ण होऊन एक वर्षाची सक्तीची सेवा करणारे असतात. रक्त घेणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे ही कामे बहुधा त्यांच्याकडे असतात. निवासी डॉक्टर हे एमबीबीएस पूर्ण केलेले, शस्त्रक्रियाशास्त्रात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर होत. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत ज्येष्ठ निवासी डॉक्टर प्रत्यक्ष हात चालवत असणे शक्य आहे, परंतु ते अध्यापकांच्या देखरेखीखाली, आणि हे दडवण्यासारखे काही नाही. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी शस्त्रक्रिया कोण करणार, भूल कोणती देणार आणि जाळी बसवणार का, हे आबांनी स्वतः विचारावे. विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर तपासणी नको असेल तर तसे सांगण्याचाही त्यांना अधिकार आहे.

आता पाच वेळा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांविषयी. काका म्हणतात ते खरे आहे. पण त्याचा रुग्णाला होणारा फायदा बाहेरून दिसत नाही. एका सकाळी माझ्या आधी दोघांनी विचारपूस केलेल्या एका आजोबांना मी पुन्हा तेच विचारले, तेव्हा वैतागून ते म्हणाले की सगळे सांगून झाले आहे, आता काय रक्त पातळ करण्याची गोळीसुद्धा सांगू का? ती गोळी कोणालाच सांगितलेली नव्हती. शस्त्रक्रिया काही दिवस पुढे गेली आणि टेबलावर होऊ शकणारा रक्तस्राव टळला.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे युनिट. शिकवणाऱ्या रुग्णालयात एक विभाग म्हणजे एक डॉक्टर नसतो. शस्त्रक्रिया विभागाची अनेक युनिट असतात आणि प्रत्येकाचे प्रमुख, अध्यापक, निवासी डॉक्टर, वॉर्डातील खाटा, ओपीडीचा वार आणि शस्त्रक्रियेचा वार वेगळे असतात. पहिल्या दिवशी ज्या युनिटच्या वारी आपण केसपेपर काढाल, ते आपले युनिट. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञांचे फिटनेस (भूल देता येईल असा शेरा) झाल्यावर त्याच युनिटच्या वारी परत जायचे असते. लोक सोयीच्या वारी येतात, नवे युनिट समोर येते आणि सगळी चौकशी पहिल्यापासून सुरू होते. मग ‘रोज नवीन डॉक्टर’ अशी तक्रार होते. केसपेपरवर युनिटचा क्रमांक आणि वार ठळक लिहून घ्या. कोणत्या वारी कोणते युनिट आहे याचा फलक ओपीडीत पाहावा. मी वार सांगत नाही, कारण ते बदलतात.

मात्र एक अपवाद आहे. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी वार पाहत बसू नये. रात्र असली तरी १०८ ला फोन करून थेट अपघात विभागात न्यावे.

निवृत्त_परिचारिका :
खर्चाविषयी सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेला मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये यांच्यासाठी होता. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे आणि महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. त्यामुळे केसपेपर आणि तपासण्यांना शासनाने ठरवलेले नाममात्र शुल्क असू शकते, हे धरून सुट्टे पैसे जवळ ठेवा. शस्त्रक्रियेसाठी मात्र महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली हीच योजना. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. काही उपचार तिच्यात केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून अंतर्गळ कोणत्या गटात बसतो हे योजनेच्या खिडकीवरील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वी विचारावे. भरती झाल्यावर कागद आणायला गावी धावणारे नातेवाईक मी आयुष्यभर पाहिले आहेत. मूळ रेशनकार्ड, आधार कार्ड आणि दोन्हींच्या चार-चार झेरॉक्स न्या. रेशनकार्डवरील आणि आधारवरील नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्या.

आबांबरोबर एक धडधाकट माणूस असू द्या. तपासणीच्या खिडक्या एका जागी नसतात आणि निम्मे काम चालण्याचेच असते. अंथरायला चादर, पाण्याची बाटली आणि चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर ठेवा. ‘पांढरी बारकी गोळी’ एवढ्यावरून कोणालाही काही कळत नाही.

भोगावतीकाठ :
सर्वांचे आभार. आबांना तीन प्रकारच्या ‘शिकाऊ’ माणसांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर ‘मग पाचांना पाच वेळा सांगू’ एवढेच म्हणाले, म्हणजे होकार धरायला हरकत नाही. मात्र एक गोष्ट लिहायची राहिली होती. त्यांना तंबाखूची सवय आहे, सकाळी खोकला येतो, आणि रात्री लघवीला तीन-चार वेळा उठावे लागते, त्यातही जोर करावा लागतो. हे सांगणे आवश्यक आहे का?

माजी_निवासी :
अत्यंत आवश्यक आहे, आणि पहिल्याच दिवशी सांगावे. खोकला आणि लघवीसाठी जोर करणे या दोन्हींमुळे पोटात दाब वाढतो आणि नुकत्याच बसवलेल्या जाळीवर ताण येतो. या वयात प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असण्याची शक्यता पाहून डॉक्टर बहुधा सोनोग्राफी करायला सांगतील आणि गरज वाटल्यास आधी त्यावर औषध देतील. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली तर ती टाळाटाळ समजू नये. तंबाखू आजपासूनच बंद करावी. बिडीही असेल तर ती प्रथम, कारण भूल देताना आणि नंतर जखम भरताना तिचा त्रास होतो. शस्त्रक्रियेनंतर ओझे किती दिवस उचलायचे नाही हे घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. त्या मुदतीत ऊसतोड येत असेल तर मोळ्यांसाठी गडी आतापासूनच ठरवून ठेवा, कारण आबा ‘एक मोळी तर उचलतो’ म्हणणार हे नक्की.

भोगावतीकाठ :
गडी ठरवला आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने आधी मी एकटाच जाऊन फलक पाहून येतो आणि युनिटचे वार येथे लिहितो.